धास्तानंद

तिकीट मी लेकीला न विचारता काढलं, हे आधीच कबूल करून टाकते. अटलांटाहून ऑस्लो, तिथून पुढे तिच्या गावापर्यंतचं छोटं विमान, आणि परतीचं बरोबर एकोणनव्वदाव्या दिवशी, कारण तिकडे पाहुण्याला नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही असं कळलं होतं. लेकीचं पहिलं बाळंतपण. आईनं जायचं असतं. यात विचारायचं काय? पाऊस आला की वाळत घातलेले कपडे आत आणायला कुणाची परवानगी मागतो का आपण?

गंमत अशी की माझी सगळी नोकरी विचारण्याचीच आहे. अटलांटाजवळच्या अल्फारेटामधल्या एका दातांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं फ्रंट डेस्कवर बसते. दिवसभर फोनवर माझं एकच पालुपद : तुम्हाला कधी जमेल? मंगळवारी सकाळी चालेल की गुरुवारी दुपारी? दाढ ठणकत असलेल्या माणसालाही मी त्याच्या सोयीची वेळ विचारते. पोटच्या पोरीला मात्र नाही विचारलं.

तिकीट काढलं आणि अंगात वारं शिरलं. मी मुळात एका जागी बसणारी बाई नव्हे, त्यात हे. बॅग भरायची, बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवायची, उतरवायची, पुन्हा भरायची. डिंकाचे लाडू केले. ओवा, वेखंड, बाळंतशोपा वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या. जुनी मऊ सुती साडी फाडून दुपटी शिवली. आमचे हे सोफ्यावर बसून सगळं बघत होते. “अजून सात आठवडे आहेत,” एवढंच म्हणाले. सात आठवडे म्हणजे काय, चुटकीसरशी जातात.

आमचा फोन दर रविवारी सकाळी दहाला असतो. तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात. त्या रविवारी मी मोठ्या थाटात सांगून टाकलं, “वीस तारखेला पोचते गं मी.”

“कुठे?” लेक म्हणाली.

“कुठे म्हणजे? तुझ्याकडे! तिकीट झालंसुद्धा.”

तिनं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “बट आई, वी डिडंट आस्क यू टु कम.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. माझी लेक अमेरिकेत जन्मली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं, आणि इंग्रजीत ती शांत असते. तिनं शांतपणे समजावलं, इंग्रजीतच; तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय. जावयाला कित्येक महिन्यांची रजा मिळणार आहे. सरकारी नर्स घरी येऊन बाळाला बघून जाते. पहिले काही दिवस त्यांना तिघांनीच राहायचंय. तिघं! बाळ धरून तिघं. त्या मोजणीत मी कुठेच नव्हते.

“मग तिकीट कॅन्सल करू का?” मी विचारलं. धमकीच होती ती, उगाच कशाला खोटं बोलू.

“मला विचार करू दे. पुढच्या रविवारी सांगते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“अहो, ऐकलंत ना? नको म्हणाली ती.”

“विचार करते म्हणाली.”

“म्हणजे नकोच.”

“म्हणजे विचार करते,” असं म्हणून हे चहा टाकायला उठले. या माणसाच्या शांतपणानं माझं डोकं उठतं.

आता नॉर्वेजियनची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लेक तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेली, समुद्रात पवनचक्क्या उभारतात त्या कामावर. तिथेच लग्न केलं. जावई तिथला, प्राथमिक शाळेत शिक्षक. उंच, हडकुळा, अतिशय सभ्य. मला आई म्हणतो, शेवटची ‘ई’ जरा लांबवून. गेल्या वर्षी मी ठरवलं, आपण याची भाषा शिकायची. कारण सरळ होतं. मुलगी आयुष्यभर मला इंग्रजीत उत्तरं देत आली. उद्या नातवंड नॉर्वेजियनमध्ये बोलेल आणि मी आपली त्या घरात शोभेची बाहुली होऊन बसेन. ते मला चालणार नव्हतं.

फोनवरच्या धड्यांमधून मी मांजर दूध पिते आणि बाई सफरचंद खाते इथवर आले. खरं शिकवलं ते जावयानंच. रविवारी लेकीशी बोलणं झालं की तो पंधरा मिनिटं माझी शिकवणी घ्यायचा. शाळेतल्या पोरांसाठी करतो तशा त्यानं रंगीत चिठ्ठ्या केल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, दुसरीवर दुसरा. दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि कडेला कड लावून चिकटवायचा. झाला नवा शब्द. मधे जागा नाही, ‘चा-ची-चे’ नाही, काही नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं ‘राइसे’ आणि ‘फेबर’ जोडले. प्रवास आणि ताप. प्रवासाला निघण्याआधी माणूस कासावीस होतो, तीनतीनदा पासपोर्ट बघतो, त्या अवस्थेचं नाव राइसेफेबर. मी ओरडलेच, “अगं बाई, हा तर माझा आजार! याला नाव आहे होय?”

“तिला तो बारमाही असतो, प्रवास असो नसो,” हे मागून म्हणाले. जावई हसला, लेकही हसली.

तो म्हणायचा, शेवटची चिठ्ठी महत्त्वाची. मूळ भावना तीच, आधीची चिठ्ठी फक्त ती कुठल्या जातीची ते सांगते. ‘सोर्ग’ म्हणजे दुःख. त्याच्या आधी प्रेमाची चिठ्ठी लावली की प्रेमात पोळल्याचं दुःख. दोन्ही नीट बसावेत म्हणून कधी मधे एक ‘स’ घालतात, शिवणीत एखादा टाका जास्तीचा घालावा तसा. ‘ग्लेदे’ म्हणजे आनंद. त्याच्याआधी पुन्हा भेटण्याची चिठ्ठी लावली की खूप दिवसांनी कुणी दिसल्याचा आनंद, आणि तेवढ्यासाठी अख्खा एक शब्द. आपण म्हणतो, भेटून बरं वाटलं. त्यापुढे आमची गाडी जात नाही.

मग मीही हट्टाला पेटून आपलं काय काय असतं ते त्याला सांगायला लागले. आमचा जीव टांगणीला लागतो. पोटात गोळा येतो. पोटात कालवतं. आणि सगळं सुखरूप पार पडलं की जीव भांड्यात पडतो. हे सगळं तो वहीत उतरवून घ्यायचा. भांड्यापाशी थांबला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “कुठल्या भांड्यात?”

जन्मभर माझा जीव भांड्यात पडत आलाय, पण भांडं कुठलं ते कधी बघितलं नव्हतं.

एक शब्द मात्र लेकीनं दिला. सहावा महिना होता. मी नेहमीसारखं विचारलं, कसं वाटतंय? तिचं ठरलेलं उत्तर असतं, “फाइन.” त्या दिवशी ती म्हणाली, “ग्रूग्लेदे.”

मी जावयाकडे बघितलं. त्यानं दोन चिठ्ठ्या लिहून धरल्या. एक धास्तीची, एक आनंदाची. एखाद्या गोष्टीची आतुरतेनं वाट बघायची आणि त्याच वेळी तिच्या विचारानं हातपाय गार पडायचे, दोन्ही एकदम. “यात मुख्य कोण? तू म्हणतोस तसं, शेवटचं?” मी विचारलं. तो विचारात पडला. म्हणाला, इथे नाही. इथे दोघं शेजारी शेजारी बसतात, कुणी कुणाचा साहेब नाही.

मला तो शब्द इतका आवडला की दिवसभर मी त्याची मराठी जोडणी करत बसले. भीतिहर्ष? छे, औषधाचं नाव वाटतं. मग सुचलं, धास्तानंद. संध्याकाळी यांना ऐकवलं.

“हे कुठले स्वामी?” हे म्हणाले. “मठ कुठेशी आहे त्यांचा?”

तर अशी आमची मजा चालली होती. आणि आता ‘तुला बोलावलेलं नाही.’

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सोमवारी दोन माणसांना रूट कॅनलसाठी एकच वेळ देऊन बसले. एकाच खुर्चीत दोघं! डॉक्टरांनी काचेआडून नुसतं बघितलं. मंगळवारी बॅग पूर्ण उपसली, बुधवारी परत भरली. आमच्या वसाहतीला, म्हणजे सबडिव्हिजनला, मी इतक्या चकरा मारल्या की एका शेजाऱ्यानं थांबवून विचारलं, कुत्रं हरवलंय का? पाइनच्या झाडांच्या परागांचा पिवळा धुरळा सगळीकडे साचला होता, गाड्यांवर, पायऱ्यांवर, माझ्या चपलांवर. रस्त्याने चालता चालता मी लेकीला मनातल्या मनात बोल लावत होते. तिघंच राहणार म्हणे. अगं, बाळाला अंघोळ घालता येते का तुला? मान धरता येते? मला दुसरं काही नको होतं. बाळ जगात येईल तेव्हा त्या घरात मी असावं, लेकीच्या उशाशी बसावं, एवढंच हवं होतं. आणि ते तिलाही हवं असावं, असं वाटत होतं. खरी मेख तिथेच होती.

गुरुवारी राहवेना म्हणून कोपऱ्यावरच्या काकूंकडे गेले. काकू रिटायर्ड डॉक्टर, ऐंशीच्या पुढच्या, आम्ही कुणी नव्हतो तेव्हापासून या देशात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी तीन सुनांची बाळंतपणं केली. एकीनंही बोलावलं नव्हतं.”

मला हायसं वाटलं. “मग?”

“मग काय, गेले. न विचारता. आता तिघीही माझा फोन घेतात हो, अगदी प्रेमानं घेतात. पण स्पीकरवर टाकतात आणि भांडी घासतात.” एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.

त्या संध्याकाळी मी लेकीला मेसेज लिहायला बसले. ‘मी हॉटेलात राहीन’ असं लिहिलं, पुसलं. ‘स्वयंपाक करून जात जाईन, बोलणार नाही’ असं लिहिलं, तेही पुसलं. न बोलता राहीन यावर माझाच विश्वास बसेना. शेवटी काहीच पाठवलं नाही.

रविवारी दहाला स्क्रीनवर लेक एकटीच होती. जावई दिसला नाही. तिच्या हातात कागद होता, ऑफिसच्या मीटिंगला मुद्दे काढतात तसे मुद्दे काढलेले. आमचे हे शेजारी येऊन बसले. एरवी बसत नाहीत.

तिनं कागदाकडे बघितलं आणि मग तो बाजूलाच ठेवला. “आई, मला भीती वाटते,” ती म्हणाली.

“बाळंतपणाची? अगं, त्यासाठीच तर मी...”

“नाही. तू येण्याची.” ती थांबली. “तू आजीबद्दल सांगतेस ना, तसं माझं तुझ्याबद्दल होईल, याची.”

“मी काय सांगते आजीबद्दल?”

“फायर ट्रक,” ती म्हणाली.

आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ती गोष्ट ऐकलेली आहे. या लेकीच्याच वेळची. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, आयसेलिनजवळ दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आल्या आल्या तिनं घर ताब्यात घेतलं. भर जुलैत पंखा बंद, खिडक्या बंद, माझ्या डोक्याला रुमाल, कानात कापूस. रोज सकाळी कडू जहर काढा. आणि एक दिवस तिनं बाळाला ओवा-वेखंडाची धुरी दिली, तसा स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि दहा मिनिटांत खाली फायर ट्रक. चार आडदांड पुरुष घरात घुसले, आणि आमची आई बाळाला पदराखाली घेऊन त्यांना अस्सल मराठीत दटावतेय : आधी ते बूट काढा, बाळंतिणीची खोली आहे! महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला मला ही गोष्ट सांगायला लावतात. मी आईचा आवाज काढून सांगते. शेवटी म्हणते, सहा महिने काढले बाई मी, तुरुंगात बरे दिवस असतात. लोक हसून हसून लोळतात.

“मी ती गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल,” लेक म्हणाली. “दरवेळी सगळे हसायचे. आणि मी जिन्यावर बसून विचार करायचे, मी जन्मले ते सहा महिने आईच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट महिने होते. माझ्या बाळानं तुझ्याबद्दल असं ऐकलेलं नकोय मला.”

या पोरीला मी तिच्या जन्माची एवढीच गोष्ट दिली होती, आणि तीही हशा मिळतो म्हणून. कुणी तरी पुढचं विचारावं, अशी ती गोष्ट मी कधी सांगितलीच नाही. जिन्यावर ती बसलेली असायची, हेही मला आज कळत होतं.

“पुढचं ऐकतेस?” मी विचारलं.

“पुढे आणखी आहे?”

मग मी सांगितलं. आई परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी तुला अंघोळ घालायला घेतली. आई पाय लांब करून बसायची, तुला पायांवर पालथं घ्यायची आणि तू चिडीचूप पडून राहायचीस. मी तशीच बसले. तू सटकायला लागलीस. पाणी गरम झालं, मग गार झालं. तू किंचाळत होतीस. शेवटी तुला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि त्याच ओल्या फरशीवर बसून मी हंबरडा फोडला. आई गं, आई गं, असं मोठमोठ्यानं. हे ऑफिसला गेलेले. ओल्या कपड्यांत मी दुपारपर्यंत तिथेच बसून होते. पुढे कित्येक दिवस तो रुमाल मीच आपणहून बांधत होते डोक्याला. त्याला तिचा वास होता.

हे माझ्याकडे बघायला लागले. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

लेक स्क्रीनच्या जवळ सरकली. तिनं नाक पुसलं. मग विचारलं, आणि ते मराठीत विचारलं, “आजीला हे माहीत होतं?”

“काय?”

“तू रडलीस ते. ती तुला हवी होती ते.”

विमानतळावर आईनं माझ्या गालावरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, “सुटलीस बाई एकदाची माझ्या कचाट्यातून.” मी हसले होते. नाही गं आई, असं तरी म्हणायचं होतं. पण ती गंमत करतेय असं वाटलं, आणि गेट बंद होईल म्हणून मला घाई झाली होती. नंतर फोनवर तब्येत, हवा, बाळाचं वजन. हा विषय राहूनच गेला. आता तिला जाऊन सात वर्षं झाली.

हे मी सगळं सांगितलं. मग म्हटलं, “नाही. तिला माहीत नव्हतं.”

“म्हणजे ती तसंच समजून गेली,” लेक म्हणाली.

मला हुंदका आवरेना. यांनी माझा हात घट्ट धरला. तिकडे ती पोटावर हात ठेवून बसली होती. मला गप्प करायला बघत नव्हती, वाट बघत होती.

माझं आवरल्यावर ती म्हणाली, “वीस तारखेला नको येऊस. बाळ झालं की दहा दिवसांनी ये. आणि तीन महिने नाही, तीन आठवडे.”

म्हणजे बाळ जन्मेल तेव्हा मी तिथे नसणार. “बरं,” मी म्हटलं.

“आणि तू परत निघशील ना, तेव्हा विमानतळावर मी तुला सांगणार. तू हवी होतीस का नको होतीस. जे असेल ते सगळं. हसण्यावारी नेणार नाही.” मग तिनं विचारलं, “चालेल तुला?”

“सांग,” मी म्हटलं. “मी फ्लाइट चुकवून ऐकेन.”